दुपारी दोनची रॅम

मंडळी, गेल्या विकांताला इथे काही लिहिलं गेलं नाही. हापिसातल्या रिलीजचं कारण सांगून वेळ मारून नेली असती, पण खरं कारण एक फोन होता. शनिवारी सकाळी नुकता चहा गाळला होता, तेवढ्यात सिरसाळ्याहून पुतण्याचा फोन.

"काका, एक रॅम गेली. दुसरी घ्यायचीय. ओव्हरक्लॉकला कोणती चांगली राहील?"

सिरसाळा म्हणजे बीड जिल्हा, परळी तालुका. परळीहून बीडकडे निघालात की तेलगावच्या आधी लागतं. माझं आजोळ. माझा मामेभाऊ (सगळा गाव त्याला आण्णा म्हणतो, मीही) तिथे एक गाळा चालवतो. फोटो स्टुडिओ, झेरॉक्स, लग्नपत्रिका, पीकविम्याचे आणि कसले कसले ऑनलाईन फॉर्म, सगळं एकाच काउंटरवर. पुतण्या म्हणजे आण्णाचा मुलगा, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, कॉम्प्युटरला.

आता या प्रश्नाचं उत्तर द्यायला माझ्यासारख्या माणसाला पाच मिनिटं पुरायला हवीत. हा विषय म्हणजे आपलं खास दुखणं. कुठली चिप, किती व्होल्ट, काय टायमिंग, झोपेतून उठवून विचारा. पण या वेळी मला दोन विकांत लागले. कारण त्या मशीनमधली जुनी रॅमही मीच निवडली होती, आणि त्या निवडीचा भुर्दंड आण्णाने भरला होता.

आधी थोडं जुनं.

आमच्या पिढीतल्या ज्यांनी १९९८ नंतर कॉम्प्युटर घेतले त्यांना सेलेरॉन ३००ए आठवत असेल. ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्तातला प्रोसेसर. बोर्डाची बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की तोच प्रोसेसर ४५० वर पळायचा, एक पैसा जास्त न देता. फक्त रॅम १०० ला टिकणारी हवी. म्हणजे तेव्हापासूनच 'रॅम कोणती' हा प्रश्न या खेळात आहे. पुढे डीडीआर आली तेव्हा विनबॉण्डच्या बीएच-५ चिपची पुराणं आम्ही जालावर वाचायचो आणि तापकीर गल्लीत जाऊन दुकानदाराला "चिप कुठली आहे हो आतली?" असं विचारायचो. तो आधी आमच्याकडे आणि मग आमच्या चपलांकडे बघायचा. घ्यायची ऐपत नव्हतीच, पण विचारायला काय जातंय? :)

नोकरी लागली, पैसे आले, आणि २०१९ मध्ये मी ते सगळं उट्टं काढलं. रायझन ३६०० आणि त्याला सॅमसंगची बी-डाय चिप असलेल्या ८ जीबीच्या दोन स्टिक. बी-डाय म्हणजे डीडीआर४ जमान्यातली बीएच-५ समजा. खोक्यावर ३२०० लिहिलं होतं, मी ३७३३ वर नेली. व्होल्टेज १.४५. टायमिंग एकेक आकडा खाली आणत, प्रत्येक वेळी टेस्ट करत. तीन विकांत गेले त्यात. बायको म्हणाली, एवढ्या वेळात गाडी चालवायला शिकला असतास. बरोबर होतं तिचं, पण बेंचमार्कच्या आकड्याचा स्क्रीनशॉट काढून मित्रांना पाठवण्यात जे सुख आहे ते क्लच सोडण्यात नाही.

चार वर्षं ते मशीन पुण्यात माझ्या टेबलावर एकदाही अडखळलं नाही. २०२३ च्या दिवाळीनंतर मी लॅपटॉपवर सरकलो आणि हे मशीन आण्णाला दिलं. त्याचं जुनं मशीन फोटोशॉप उघडायला घेईपर्यंत गिऱ्हाईक चहा पिऊन यायचं. आण्णा खूश, मी त्याहून खूश. बायोसमधली माझी सेटिंग मी तशीच ठेवली. विसरलो नव्हतो बरं का. मुद्दाम ठेवली. म्हटलं, आण्णाला फुकटात वेग मिळतोय तर मिळू दे. जायच्या आधी रात्रभर मेमटेस्ट लावला होता, एक चूक नाही.

महिना होता डिसेंबर.

मे २०२४. लग्नसराई. आण्णाने एका लग्नाचे फोटो काढले, दुपारी गाळ्यावर येऊन कार्ड मशीनमध्ये रिकामं केलं, आणि दुसऱ्या दिवशी पुढचं लग्न म्हणून कार्ड फॉरमॅट मारून कॅमेऱ्यात घातलं. फोटोवाले करतात तसंच. चार दिवसांनी अल्बम लावायला बसला तर सतरा फोटो फुटलेले. वरचा भाग नीट, आणि तिथून खाली एकतर सगळं करडं, नाहीतर रंग जांभळे-हिरवे होऊन बाजूला सरकलेले. त्या सतरांमध्ये मुलीच्या पाठवणीचे सहा होते.

मुलीचा बाप गाळ्यावर आला तेव्हा काय झालं हे मला आण्णाने सांगितलं नाही, वहिनीने सांगितलं. तो माणूस ओरडला नाही. बाकड्यावर बसून तो ते अर्धे फोटो बराच वेळ बघत बसला, म्हणे. आण्णाने अल्बमचे सगळे पैसे परत केले. गाव केवढं, बातमी संध्याकाळपर्यंत पोचली. पुढच्या दोन लग्नांची ऑर्डर गेली.

आण्णाने आधी कार्डाला शिव्या घातल्या, मग व्हायरसला, मग लाईटीला. लाईटीचा संशय साहजिक होता. परळीच्या औष्णिक केंद्राच्या सावलीत राहून लोडशेडिंग सोसलेला भाग आहे तो. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी ते केंद्रच बंद ठेवायची वेळ आली होती. तिथे काही बिघडलं की पहिलं बोट मीटरकडेच जातं. पण या खेपेला लाईटीचा काही संबंध नव्हता. रॅमला मिळणारं व्होल्टेज बोर्ड स्वतः घडवून देतो. भिंतीतला दाब कमीजास्त झाला तर मशीन बंद पडेल, फोटोतला एक बिट निवडून उलटा नाही करणार.

त्याच महिन्याच्या शेवटी मी आमरसाला तिकडे गेलो. रात्री जेवण झाल्यावर गाळ्यात जाऊन मेमटेस्ट लावला. चार फेऱ्या स्वच्छ. मी छातीठोकपणे सांगितलं, "आण्णा, रॅम एक नंबर आहे, कार्डच गेलं असणार." पुतण्या तेव्हा शाळकरी होता. त्याला तो निळा पडदा फार आवडला. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून आम्ही लवंडलो होतो, तर हा पठ्ठ्या गाळ्यात जाऊन परत तोच टेस्ट लावून बसला. थोड्या वेळाने पळत आला. "काका, लाल लाल ओळी यायल्यात!"

दुपारचे दोन वाजले होते. वर पत्रे, बाहेर चाळिशीच्या पुढचा पारा, आणि मशीन धूळ बसू नये म्हणून टेबलाखालच्या कप्प्यात पडद्याआड. स्टिकवरच्या सेन्सरचा आकडा पुण्यात कधी ४१-४२ च्या वर गेला नव्हता. इथे ५८.

आता यात नक्की झालं काय ते सांगतो, कारण 'गरम झालं म्हणून बिघडलं' एवढ्यावर सोडलं तर निवड कशी करायची ते कळणार नाही. (ज्यांना कंटाळा येतो त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी चालतील. माझी बायको सोडते.)

रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार. हा कपॅसिटर गळका असतो, गळक्या रांजणासारखा. म्हणून प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांच्या आत एकदा वाचून पुन्हा भरावी लागते. यालाच रिफ्रेश म्हणतात. जितकी उष्णता जास्त तितकी गळती जास्त. डीडीआर४ च्या मानकातच लिहिलंय की चिपचं तापमान ८५ अंशांच्या वर गेलं तर हेच काम दुप्पट वेळा, ३२ मिलिसेकंदांत करा. म्हणजे ठरलेल्या वेगाने चालणाऱ्या रॅमला सिरसाळ्याचा मे महिना काहीच नाही. ५८ ला ती हसत चालते.

पण माझी रॅम ठरलेल्या वेगाने चालत नव्हती. रिफ्रेशच्या एका खेपेला किती वेळ द्यायचा याचंही एक टायमिंग असतं, टीआरएफसी. ८ गिगाबिटच्या चिपला मानक सांगतं ३५० नॅनोसेकंद. मी ते दाबून दीडशेच्या आसपास आणलं होतं. बी-डाय ते सहन करते, म्हणूनच तर तिचं नाव. थंडीत सहन करते. तापल्यावर गळती वाढली, भरायला वेळ मिळाला निम्म्याहून कमी, आणि लाखात कुठेतरी एखादा रांजण अर्धवट राहिला. एकाचं शून्य झालं. नेमका तेव्हा त्या जागेत फोटोचा तुकडा होता. जेपीईजीमध्ये मधला एक बिट चुकला तर पुढचं सगळं गणित घसरतं, म्हणून वरचा मांडव नीट आणि खालची नवरी जांभळी. मशीन लटकलं नाही, निळा पडदा आला नाही, कसली सूचना नाही. चुकीचा फोटो व्यवस्थित डिस्कवर लिहिला गेला.

मी बायोस फॅक्टरी सेटिंगवर नेला. दुपारी दोनला पुन्हा टेस्ट लावला. स्वच्छ. त्यानंतर आजतागायत एक फोटो फुटला नाही.

आण्णाला मात्र मी लगेच सांगितलं नाही. "सेटिंग बदललंय, आता चालेल" एवढंच म्हणालो. खरं सांगायला पुढची दिवाळी उजाडली. आण्णाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे ते पळत व्हतं म्हणून पडलं?" मी हो म्हणालो. तर म्हणतो, "त्याला पळायला कुणी सांगितलं व्हतं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पैसे देऊ केले, त्याने घेतले नाहीत.

२००५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेनने ओव्हरक्लॉकिंगवर एक लेख लिहिला होता. आपल्या क्षेत्रातल्या बऱ्याच जणांनी वाचला असेल. विंडोज कोसळल्याचे जे अहवाल कंपनीकडे येतात त्यात एक असा सापडला की प्रोसेसर चक्क रजिस्टर शून्य करणाऱ्या सूचनेवर कोसळला होता. ती सूचना चुकूच शकत नाही! शोध घेतल्यावर कळलं, मशीन ओव्हरक्लॉक केलेलं. अशी आणखी प्रकरणं निघाली, आणि त्यातल्या काही मालकांना हे माहीतच नव्हतं, कारण दुकानदाराने परस्पर वेग वाढवून मशीन विकलं होतं. तो लेख वाचून मी तेव्हा त्या दुकानदारांना यथेच्छ हसलो होतो. आणि अठरा वर्षांनी मी तेच केलं, तेही घरच्या माणसाला, वर उपकार केल्याच्या थाटात.

माझं मत आता असं झालंय. ओव्हरक्लॉकिंगसाठी रॅम निवडताना पहिला प्रश्न चिपचा नाही आणि मेगाहर्ट्झचा नाही. हे मशीन वर्षातल्या सगळ्यात वाईट तासाला कुठल्या खोलीत असेल, आणि त्या तासाला त्याच्यात काम कुणाचं असेल, एवढंच आधी विचारायचं. आपलंच असेल तर खुशाल पळवा. दुसऱ्याचं असेल तर त्याला विचारा. आणि विचारून समजावता येत नसेल, तर पळवू नका.

यावर एक हमखास प्रतिवाद येतो, मीही पूर्वी करायचो. "आम्ही काही ओव्हरक्लॉक करत नाही, फक्त एक्सएमपी चालू करतो. खोक्यावर ३६०० लिहिलंय, कंपनीनेच लिहिलंय." मंडळी, एक्सएमपी हेही ओव्हरक्लॉकिंगच. डीडीआर४ चं मानक ३२०० ला संपतं, १.२ व्होल्टवर. ३६०० ची स्टिक बायोसला हात न लावता बसवून बघा, ती बहुधा २१३३, २४०० किंवा २६६६ वर चालू होईल. स्टिकवरच्या एसपीडी नावाच्या छोट्या चिपमध्ये जे आकडे कोरलेत, ते तिचं खरं वचन. खोक्यावरचा आकडा म्हणजे 'बोर्ड चांगला असेल, प्रोसेसर साथ देत असेल, १.३५ व्होल्ट दिले, तर' अशा अटींचा. बहुतेक वेळा तो पाळला जातो, हे मान्य. पुण्यात पंख्याखाली पाळलाच जातो.

दुसरा प्रतिवाद जास्त वजनदार आहे. गूगलने आपल्या सर्व्हरमधल्या रॅमचा अभ्यास २००९ मध्ये छापला. त्यात वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त स्टिकमध्ये निदान एकतरी चूक सापडली, पण तापमानाचा वाटा किरकोळ निघाला. मग मी उष्णतेच्या नावाने का रडतोय? माझ्या मते उत्तर सरळ आहे. ती रॅम ठरलेल्या वेगाने, चुका दुरुस्त करणाऱ्या ईसीसीसह, सांभाळलेल्या खोल्यांमध्ये चालत होती. मानकाने जी मोकळी जागा राखून ठेवलीय ती तिथे शाबूत होती. आपण ओव्हरक्लॉक करतो म्हणजे नेमकी तीच जागा विकून वेग घेतो. मग उष्णतेला लपायला जागा उरत नाही. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये दहा लाख घरगुती कॉम्प्युटरांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा प्रोसेसर ओव्हरक्लॉक केलेली यंत्रं ठळकपणे जास्त कोसळताना दिसली. आणखी एक गोष्ट दिसली: एकदा कोसळलेलं मशीन पुन्हा कोसळण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते. म्हणजे 'एकदाच झालं, जाऊ दे' म्हणायची सोय नाही. आण्णाचे फोटो त्याआधीही एकदोनदा फुटले होते. तो गप्प बसला होता.

असो. आता पुतण्याच्या प्रश्नाकडे. एक स्टिक मेली. का मेली मला माहीत नाही, स्टिका मरतात. बाजारात काय परिस्थिती आहे ती तुम्हाला ठाऊकच असेल. २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमच्या किमतींनी जी उसळी घेतली ती बघून तापकीर गल्लीतले लोकही चक्रावले. कारखाने एआयच्या सर्व्हरकडे वळले, डीडीआर४ आधीच निरोपाच्या रांगेत होती, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर 'क्रुशल' हा आपल्यासारख्यांसाठीचा ब्रँडच आवरता घेत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी चुकीची रॅम घेणं परवडत नाही. पुतण्याने जालावर शोधून ठेवली होती ३६०० ची, दिव्यांची, एकच स्टिक. जुनीच्या जोडीला लावायची आणि दोन्ही पळवायच्या असा बेत.

मी त्याला म्हटलं, आधी आकडे मांड. खोक्यावरचा वेग एकटा काही सांगत नाही, सोबत सीएल बघ. सीएलला दोन हजारने गुण आणि वेगाने भाग, नॅनोसेकंद मिळतात. ३२०० सीएल१६ म्हणजे १०. ३६०० सीएल१८ म्हणजे पण १०. वाट बघण्याचा वेळ तेवढाच, पैसे मात्र जास्त. साधी ३२०० सीएल२२ म्हणजे १३.७५. हा फरक गेममध्ये दिसतो, बेंचमार्कमध्ये तर फारच दिसतो. आण्णाच्या अल्बमला मात्र रॅम किती जीबी आहे हे जास्त जाणवतं. १६ संपले की फोटोशॉप डिस्कवर लिहायला लागतं, आणि तिथे वेळ नॅनोत मोजत नाहीत.

दोन वेगळ्या स्टिका जोडणं हा दुसरा घोळ. बोर्ड दोघींना एकाच वेगाने आणि एकाच टायमिंगने चालवतो, म्हणजे जी मंद ती दोघींचा वेग ठरवते. फॅक्टरीच्या वेगाला हा संसार बहुतेक वेळा चालतो. पळवायला गेलात की भांडणं. त्यात एकाच मॉडेलच्या स्टिकमध्ये आतली चिप कंपनी न सांगता बदलते. 'माझ्या मित्राची हीच रॅम ३८०० ला गेली' यावर विसंबून घ्याल तर वेगळीच चिप हाती पडेल. पळवायची असेल तर एका खोक्यातली, एकत्र तपासलेली जोडीच घ्यावी. (ईसीसी रॅम घ्यावी का असंही मनात आलं. रायझन ३६०० ला चालते, काही बोर्डांवर. पण सुटी मिळवताना दमछाक होते आणि दुकानदार सर्व्हरची रॅम गळ्यात मारतात, जी चालतच नाही. सोडून दिलं.)

शेवटी गाळ्यासाठी १६ जीबीच्या दोन स्टिकची जोडी घेतली. ३२०० सीएल२२, १.२ व्होल्ट, म्हणजे एसपीडीतलं वचन आणि लेबलवरचा आकडा एकच. हीटसिंक नाही, दिवे नाहीत, हिरवी पाटी. पुतण्याने फोटो बघून विचारलं, "काका, ही सरकारी हाये का?"

त्याचा हिरमोड झाला हे दिसत होतं, आणि मला ते सहन झालं नाही. कारण जे काही मला कॉम्प्युटरच्या आतलं कळतं, त्यातलं निम्मं त्या तीन विकांतांत कळलंय. रिफ्रेश म्हणजे काय हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण टीआरएफसी दहाने कमी केल्यावर टेस्ट पडते आणि वीसने वाढवल्यावर उभी राहते, हे बघितल्यावर तो कपॅसिटर मला पहिल्यांदा खरा वाटला. त्या पोराला "याच्या नादी लागू नको" असं मी कुठल्या तोंडाने सांगू? ज्याने लाल ओळी माझ्याआधी पाहिल्या, त्याला?

म्हणून नवी जोडी द्यायला गेलो तेव्हा माझ्याकडे धूळ खात पडलेला एक जुना बोर्ड आणि प्रोसेसर गाडीत टाकला. बी-डायची उरलेली एक स्टिक त्याला देऊन टाकली. एकच अट घातली. या मशीनवर आण्णाचं, गिऱ्हाइकाचं काही येणार नाही. पीकविम्याचा फॉर्मसुद्धा नाही, शेवटची तारीख असली तरी. त्याने त्यावर मार्करने 'फुटणारं मशीन' असं लिहून टाकलं. टेस्ट करायची ती रात्री नाही, दुपारी दोनला, आणि पारा किती तेही वहीत लिहायचं. वहीत सध्या सात नोंदी आहेत. ३६०० ला सकाळी स्वच्छ, दुपारी अडीचला दोन चुका. व्होल्टेज वाढवून बघितलं तर चुका पाच झाल्या. त्याने मला विचारलं, वाढवल्यावर बिघडलं कसं? मी म्हटलं, तूच शोध, सेन्सरचा आकडा बघ. दुसऱ्या दिवशी मेसेज आला: जास्त व्होल्टला जास्त गरम.

कालच पुन्हा फोन होता.

"काका, आण्णांचा कूलर दुपारी मोकळाच असतोय. त्याचं तोंड थेट रॅमकडं केलं तर?"

"अरे, पाण्याचा कूलर आहे तो!"

"मग काय झालं? वाळ्याचे पडदे काढून नुसता फॅन लावतो की."

मी अजून हो म्हटलेलं नाही. आण्णाला विचार, म्हटलं. कूलर त्याचा आहे.